नारू गेला, धसकट उरले

परभणी जिल्ह्यातील जुन्या बारवा आता पुन्हा लोकांच्या नजरेत भरू लागल्या आहेत. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, तिचे कौतुक झाले, आणि ते उचितच आहे. परंतु पायऱ्या उतरून पाणी भरण्याच्या अशाच विहिरींनी एके काळी मराठवाड्याच्या खेड्यांत नारू पोसला, याची आठवण नव्या पिढीला नाही. रोग्याने पाण्यात पाय बुडवावा, नारूची पिल्ले पाण्यात सुटावीत, ती सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात वाढावीत आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांबीचा जंत बाहेर पडावा, असे ते चक्र होते. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. ऐन पेरणीत माणूस खाटेवर पडे.

या रोगावर लस नव्हती, नेमके औषधही नव्हते. तरीही १९८४ साली देशात सुमारे ४०,००० रुग्ण असताना हाती घेतलेली मोहीम यशस्वी झाली. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. हे यश दुपदरी फडक्याने गाळलेल्या पाण्याचे, हातपंपांचे आणि घरोघर जाऊन पाय पाहणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे होते.

आज पायांवर वेगळे संकट आले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हा शहरी सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत आता सोडली पाहिजे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठाही क्षीण होतो. अशा पायाने काळ्या रानात अनवाणी चालणाऱ्यास ज्वारीचे धसकट घुसल्याचे कळत नाही. वेदना होत नाही म्हणून जखमेकडे दुर्लक्ष होते. मग ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि अखेरीस पाय कापण्याची पाळी येते. मधुमेहामुळे कापाव्या लागणाऱ्या पायांपैकी बहुतेकांची सुरुवात अशा साध्या व्रणातूनच होते. वेदना हा शत्रू नसून पहारेकरी आहे, हे वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पूर्वीच दाखवून दिले होते.

१९६८ साली निर्माण झालेल्या जयपूर फूटने असंख्यांना पुन्हा उभे केले, यात शंका नाही. परंतु कृत्रिम पाय हे नुकसान झाल्यानंतरचे सांत्वन आहे. हातावर पोट असलेल्या ऊसतोड कामगाराचा पाय गेला, तर त्याच्याबरोबर सारे घर पांगळे होते.

उपाय महागडे नाहीत. साखर तपासताना रुग्णाची चप्पल उतरवून तळवा पाहावा. नायलॉनच्या बारीक तंतूने संवेदना तपासावी. बधिर पायासाठी कुष्ठरोग्यांना दिली जाते तशी मऊ रबराची पादत्राणे द्यावीत. पाय रोज धुऊन पाहणे, कुरूप पात्याने न कापणे, पाय शेकोटीवर न शेकणे, एवढे घरच्यांनीही सांभाळावे. आशा कार्यकर्ती घरोघर जातेच. मात्र या कामाचे प्रशिक्षण आणि मोबदला तिला मिळाला पाहिजे. परभणीत २०२३ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने पायांच्या जखमांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवावा आणि पालम, सोनपेठ, जिंतूरच्या रुग्णालयांना त्याच्याशी जोडावे.

ज्या समाजाने फडक्याच्या तुकड्याने नारू हटविला, त्याला हे अशक्य आहे असे कोण म्हणेल? तेव्हा गावोगाव पाय पाहणारे लोक होते. आज साखरेचा आकडा लिहिला जातो आणि पाय पाहायचा राहून जातो. ही सवय मोडण्यास नव्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.