प्रदर्शन : परीक्षा कुणाची?

‘प्रदर्शन’ हा शब्द आपल्याकडे जरा बदनाम झालेला आहे. श्रीमंतीचे प्रदर्शन, विद्वत्तेचे प्रदर्शन असे आपण नाक मुरडून म्हणतो. चित्रांच्या प्रदर्शनाविषयीही आपली कल्पना फारशी निराळी नसते. चित्रकाराने भिंतीवर चित्रे टांगावीत, चार लोकांनी यावे, ‘छान’ किंवा ‘काही कळले नाही’ असे म्हणावे आणि निघून जावे. या साऱ्या व्यवहारात चित्रकार हा परीक्षार्थी आणि आपण सारे परीक्षक, असे आपण गृहीत धरलेले असते. माझे मत नेमके उलटे आहे. प्रदर्शनात परीक्षा होते ती प्रेक्षकाची. आणि अमूर्त चित्रे काढणाऱ्या एका स्त्रीच्या बाबतीत आपण सारे या परीक्षेला फार उशिरा बसलो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ही चित्रकर्ती म्हणजे नसरीन मोहम्मदी. त्यांचा जन्म १९३७ साली कराचीला झाला. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. १९५४ ते १९५७ या काळात त्यांनी लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले. पुढे फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला गेल्या. १९७२ पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात त्यांनी अध्यापन केले. आणि १४ मे १९९० रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, अलिबाग तालुक्यातील किहीम येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला. किहीम हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना सलीम अली यांच्या सुगरण पक्ष्याच्या निरीक्षणामुळे ठाऊक असते. त्याच किनाऱ्यावर मोहम्मदी कुटुंबाचे घर होते. दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी आपण रोज पाहतो. तिने पेणला उतरावे, एस.टी.ने अलिबागकडे जावे, की किहीम आलेच. म्हणजे ही काही साता समुद्रापलीकडची कथा नव्हे. आपल्याच फलाटावरून जाणाऱ्या रुळांच्या टोकाशी ती घडलेली आहे.

नसरीनबाईंची चित्रे कशी होती? आरंभी, साठच्या दशकात, त्यांनी तैलरंग आणि जलरंग हाताळले. त्यांत झाडाचा, पाण्याचा, क्षितिजाचा पुसटसा भास असे. सत्तरच्या दशकात तेही गळून पडले. उरला कागद, पेन्सिल, काळी शाई आणि रेषा. आडव्या, तिरप्या, एकमेकींपासून मोजके अंतर राखून धावणाऱ्या रेषा. वास्तुशास्त्रज्ञ नकाशे काढताना जी उपकरणे वापरतात, ती घेऊन त्या तासन् तास कागदावर ओणवून बसत. चित्राला नाव नाही, बहुतेकांवर तारीखही नाही. शेवटच्या वर्षांत चेतासंस्थेच्या आजाराने शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता. तरी रेषा मात्र ढळली नाही. रेषेवरची ही निष्ठा पाहिली की मन थक्क होते.

आता त्यांच्या प्रदर्शनांकडे पाहू. पहिले एकल प्रदर्शन १९६१ साली मुंबईत, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधल्या ‘गॅलरी ५९’ मध्ये झाले. पुढील तीस वर्षांत मुंबई-दिल्लीकडे त्यांची चित्रे अधूनमधून लागत राहिली. जाणकारांच्या लहानशा वर्तुळात त्यांच्याविषयी आदर होता, सहकारी चित्रकारांचे प्रेम होते. परंतु साऱ्या कामाचा एकत्र आढावा घेणारे मोठे प्रदर्शन त्यांच्या हयातीत झाले नाही. ते झाले १९९१ मध्ये, जहांगीर आर्ट गॅलरीत. म्हणजे त्यांच्या निधनानंतर. त्यांनी काढलेली सुंदर छायाचित्रे तर त्यांच्या हयातीत प्रदर्शितच झाली नाहीत.

यानंतरची यादी वाचताना मात्र दम लागतो. २००५ मध्ये न्यूयॉर्कचे ड्रॉइंग सेंटर. २००७ मध्ये जर्मनीतील कासेल येथे दर पाच वर्षांनी भरणारे जगप्रसिद्ध ‘डॉक्युमेंटा’. २०१३ मध्ये दिल्लीचे किरण नाडर कलासंग्रहालय. २०१४ मध्ये इंग्लंडातील टेट लिव्हरपूल. २०१५ मध्ये माद्रिदचे रेना सोफिया. आणि मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही आपली नवी शाखा उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या दोन प्रदर्शनांपैकी एक नसरीन मोहम्मदी यांचे होते. जगातील एक बलाढ्य संग्रहालय नव्या घराचा उंबरठा ओलांडताना किहीमच्या किनाऱ्यावर निवर्तलेल्या स्त्रीचे कागद हाती घेते, ही घटना लहान नव्हे.

आनंद तर होतोच; पण त्या आनंदाला एक काटा आहे. १९९० आणि २०१६ यांच्या दरम्यान त्या कागदांवरची एकही रेषा बदलली नाही. बदलली ती पाहणाऱ्यांची नजर. मग इतकी वर्षे नापास कोण होत होते? चित्रे, की आपण? गायतोंड्यांच्या बाबतीतही हेच. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात गोमंतकीय कुटुंबात जन्मले, जे. जे. मध्ये शिकले, १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००१ मध्ये ते गेले; आणि सामान्य मराठी वाचकापर्यंत त्यांचे नाव पोहोचले ते लिलावातील कोटींच्या आकड्यांमुळे आणि २०१४ च्या न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील प्रदर्शनामुळे. बाहेरून शिक्का बसल्याखेरीज आपल्या घरातले नाणे खरे मानायचे नाही, ही आपली जुनी खोड आहे.

कुणी म्हणेल, हा दोष आपलाच का? परदेशातही असेच घडते. खरे आहे. अमेरिकेत ज्याला अमूर्त अभिव्यक्तिवाद म्हणतात, त्याच्या इतिहासात पुरुषांचीच नावे ठळक छापली गेली. ली क्रॅस्नर ही त्या पिढीतील थोर चित्रकर्ती. पण दीर्घकाळ ती जॅक्सन पोलॉकची पत्नी म्हणूनच ओळखली गेली. तिच्या साऱ्या कामाचा आढावा घेणारे प्रदर्शन १९८३ मध्ये ह्यूस्टनला सुरू झाले आणि तिच्या स्वतःच्या गावी, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, ते पोहोचले डिसेंबर १९८४ मध्ये. ती त्याच वर्षी जूनमध्ये वारली होती. ग्रेस हार्टिगन हिने तर आरंभीच्या काळात ‘जॉर्ज’ या पुरुषी नावाने चित्रे मांडली. तेव्हा रोग सार्वत्रिक आहे, हे मान्य. परंतु शेजाऱ्यालाही ताप आहे म्हणून आपण आपले औषध घ्यायचे थांबवत नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा. ‘अमूर्त चित्र कळत नाही.’ या आक्षेपाचे मला नवल वाटते ते अशासाठी की, अमूर्ताशी आपली ओळख अगदी घरची आहे. गवई तास तास आलाप करतो, त्यात शब्दही नसतो. तरी ‘याचा अर्थ काय?’ असे कुणी विचारीत नाही. सुरांमधले अंतर, त्यांची चढण, त्यांचा ठहराव आपण ऐकतो आणि मान डोलावतो. आपल्या आया-आज्या दारात ठिपक्यांची रांगोळी काढीत आल्या. आधी ठिपक्यांची शिस्तशीर चौकट, मग एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेषा. त्या रांगोळीतून कशाचे तरी चित्र निघालेच पाहिजे, असा हट्ट कुणी धरीत नाही. नसरीनबाईंची रेषा या रांगोळीतून आली असे मला म्हणायचे नाही. तिचे कूळ वेगळे आहे. म्हणायचे आहे ते इतकेच, की ती पाहण्यासाठी लागणारा डोळा आपल्यापाशी आहे. आपण तो कलादालनाच्या पायरीशी चपलांसारखा काढून ठेवतो. आणि ‘हे तर कुणीही काढील’ म्हणणाऱ्यांनी एकदा कागद घेऊन पन्नास रेषा अशा ओढून पाहाव्यात, की प्रत्येक दोन रेषांमधले अंतर आधीच्या अंतरापेक्षा केसभर वाढत जाईल. उत्तर त्यांचे त्यांनाच मिळेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. ही सारी संपन्नांची चैन नव्हे काय? नसरीनबाई सुखवस्तू घरातल्या होत्या. त्यांच्याच पिढीतल्या, गोव्यात १९३४ साली जन्मलेल्या प्रफुल्ला डहाणूकर यांनाही घरचे पाठबळ होते. १९५५ मध्ये जे. जे. चे सुवर्णपदक मिळवून बाहेर पडलेल्या डहाणूकरांनी अमूर्त निसर्गचित्रे काढली, अनेक प्रदर्शने केली आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत तरुण चित्रकारांना आधार दिला. पण नुसत्या पैशाने चित्रकार घडत नसतो. या दोघींच्या आयुष्यात एक समान जागा दिसते, ती म्हणजे वॉर्डन रोडवरची भुलाभाई इन्स्टिट्यूट. तिथे गायतोंडे, हुसेन अशा चित्रकारांचे स्टुडिओ होते, अल्काझींची नाटके होत, रविशंकरांची सतार वाजे. डहाणूकरांचा स्टुडिओही तिथलाच. काम करायला जागा, बोलायला सोबती आणि चित्र लावायला भिंत, या तीन गोष्टी त्या वास्तूने दिल्या. ती वास्तू आज उरलेली नाही. पण जागा, सोबत आणि भिंत यांची गरज संपलेली नाही. आणि ज्यांच्यापाशी पैसा नाही, त्यांना तर ती अधिकच आहे.

इथे प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. आपल्या वर्गातील किती मुलींनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या असतील! वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. बोटांना शाई लावून घेत, आडव्यातिडव्या रेषा जुळवीत त्यांनी प्रमाणपत्रे मिळविली. दहावीनंतर रंगपेटी माळ्यावर गेली. कारण काय, तर ‘त्यात पुढे काही नाही’. दिव्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत कागद पसरायचा कुठे? पहाटेचे पाणी, गाडीची गर्दी, संध्याकाळचा स्वयंपाक यांतून उरलेल्या वेळात काढलेले चित्र दाखवायचे कुणाला? एखादी अजूनही वहीच्या मागच्या पानांवर नक्षी काढीत बसते आणि आपण तिला विचारतो, ‘लेक्चर चालू असताना हे काय?’

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघरमधील, वारली समाजाचे उदाहरण बोलके आहे. लग्नघरात भिंतीवर चौक लिहिण्याचा मान पिढ्यान् पिढ्या सवाशिणींचा. सत्तरच्या दशकात ही कला कागदावर आली, कलादालनात गेली, आणि जगाला प्रथम नाव कळले ते जिव्या सोमा मशे यांचे. मशे यांच्या थोरवीविषयी शंका नाही. २०११ ची पद्मश्री त्यांना शोभलीच. पण त्यापूर्वी ज्या शेकडो बायकांनी ओल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिले, त्यांतील एकीचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. भिंत त्यांना होती, पाहणारेही होते. नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

म्हणून मला वाटते, मोठमोठ्या गोष्टी बोलण्याऐवजी आपण महाविद्यालयापुरत्या तीन गोष्टी कराव्यात. पहिली : एका व्हरांड्याची एक भिंत वर्षभर चित्रांसाठी राखून ठेवावी. तिथे स्पर्धा नको, क्रमांक नको, परीक्षक नकोत. दर महिन्याला एका विद्यार्थ्याची चित्रे लागावीत आणि ती महिनाभर राहावीत. कारण एका मधल्या सुट्टीत चित्र दिसते, पण पाहून होत नाही. दुसरी : प्रत्येक चित्राखाली नाव आणि तारीख असावी आणि त्याची नोंद ग्रंथालयातील एका वहीत व्हावी. नसरीनबाईंनी चित्रांवर तारखा घातल्या नाहीत, ती त्यांची मर्जी होती. त्यांच्यामागे तारखा शोधीत बसायला संग्रहालये आली. आपल्या मुलींच्या मागे कुणी येणार नाही. आणि तिसरी : वर्षातून एकदा प्राध्यापकांनी वर्गाला जहांगीरला न्यावे. १९५२ पासून ते दालन काळा घोड्याला उभे आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि टर्मिनसला उतरून चालत जाता येते. सहलीला आपण यापेक्षा कितीतरी लांब जातो.

ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे. नाटकवेड्या मराठी माणसाने नाटकासाठी हक्काची घरे मागून घेतली आणि मिळविली. चित्रासाठी इतक्या आग्रहाने आपण कधी काही मागितले आहे काय? प्राचार्य महोदयांना आणि विद्यार्थी मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, येत्या जूनमध्ये महाविद्यालय उघडेल तेव्हा ग्रंथालयासमोरच्या भिंतीवरची जुनी वेळापत्रके उतरवून तिथे चार खिळे ठोकावेत. पहिल्या महिन्यात कुणाची चित्रे लावायची, हा प्रश्न पडणार नाही. मागच्या बाकांवरच्या वह्या उघडून पाहाव्यात, म्हणजे झाले.