फ्रीज रात्री बंद करणाऱ्यांसाठी

"डॉक्टर, फ्रीजरमध्येच होतं हो!" उलट्या-जुलाब घेऊन आलेल्या पेशंटने असं सांगितलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : रात्री फ्रीज बंद करता का? अनेक घरांत करतात. बिल वाचतं म्हणे. सकाळी तोच कॉम्प्रेसर गरम झालेला फ्रीज पुन्हा थंड करायला जास्त वेळ चालतो, त्यामुळे बचत नावापुरतीच. सलाइनचा खर्च कुणी त्यात धरत नाही.

मुळात फ्रीजर जंतू मारतो ही समजूतच चुकीची आहे. उणे १८ अंशांना बहुतेक जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. बर्फ वितळला की ते जागे होतात. ५ ते ६० अंश हे त्यांच्या वाढीचं तापमान, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराचं.

"पण आम्ही चांगलं उकळतो की!" उकळल्याने जंतू मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. बांगडा, सुरमई बाहेर राहिली की त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, डोकं जड, अंगाला खाज. लोक त्याला 'माशाची ॲलर्जी' म्हणतात आणि बिचाऱ्या माशाला कायमचं सोडतात. दोष अनेकदा साठवणुकीचा असतो.

तीच गोष्ट ओट्याची. सकाळी चिकनची पिशवी ओट्यावर काढून ऑफिसला जाऊ नका. आत बर्फाचा गोळा असतो तेव्हा बाहेरचा भाग कधीच कोमट झालेला असतो. आदल्या रात्री खोलगट भांड्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर मायक्रोवेव्ह वापरा, पण मग लगेच शिजवा. मासे आणल्या दिवशीच एका वेळच्या पुड्या केल्यात तर निम्मी कटकट मिटते. पुडीवर तारीख लिहा.

वीज गेली तर दार उघडून 'बघू नका'. वेगळ्या दाराचा, गच्च भरलेला फ्रीजर बंद दाराने साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. एकदारी फ्रीजमधला छोटा कप्पा इतका टिकत नाही. खालच्या भागातलं दूध, शिजवलेली डाळ, चिकन यांची मुदत ४ तासच. वीज आल्यावर मांसात बर्फाचे खडे दिसत असतील तर पुन्हा गोठवता येतं. मऊ आणि कोमट झालं असेल तर टाका. वितळलेलं आइस्क्रीमही टाका, ते पुन्हा गोठवायचं नाही.

गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी सापडलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. वास घेऊन ठरवू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंना वास असतोच असं नाही.

अन्न टाकताना जीव तुटतो हे मला मान्य आहे. मग आणतानाच कमी आणा ना! श्रावणाआधी महिन्याची मासळी कोंबायची आणि नंतर ती टाकवत नाही म्हणून घरातल्या गरोदर सुनेला किंवा ऐंशीच्या आजोबांना वाढायची, याला मी काटकसर म्हणणार नाही. या दोघांना, लहान बाळाला आणि मधुमेह्याला जुलाब सुरू झाले तर 'उद्या बघू' म्हणू नका. ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.