ताऱ्यांना मराठी चालते, कचेरीला का नाही?

२०१६ साली ‘अरायव्हल’ हा इंग्रजी चित्रपट आला. परग्रहावरून आलेल्यांशी बोलण्यासाठी त्यात भाषेच्या प्राध्यापिका पुढे होतात. आधी ‘माणूस’ हा शब्द लिहून दाखवतात, मग त्यांची लिपी शिकतात. एका शब्दाचा अर्थ ‘शस्त्र’ की ‘साधन’, एवढ्यावरून युद्धाची वेळ येते.

ही झाली कल्पना. परंतु १९७७ साली अमेरिकेच्या नासाने दोन व्हॉयेजर यानांतून खरोखरच तबकड्या अंतराळात पाठविल्या. त्यांत ५५ भाषांतील अभिवादने आहेत. मराठी आहे, कन्नडही आहे. दोघी शेजारणी एकाच तबकडीत सुखाने नांदतात.

मग हुलसूरच्या शेतकऱ्याला येणारी नोटीस दोन्ही भाषांत का नसावी? कागद वाचून घ्यायला माणसे माझ्या दारी येतात. शब्द चुकीचा कळला की कचेरीचे हेलपाटे ठरलेलेच.

आमची मुले कन्नड शिकतात, शिकलीच पाहिजेत. पण भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. पालकांनो, मुलांची नावे मराठी शाळेत घाला. पटावर मुलेच नसतील, तर आम्ही मागणी कोणासाठी करायची?