बोट लागण्यापूर्वीची गोळी

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या सौभाग्यवती दवाखान्यात आल्या होत्या. परदेशातल्या मुलाने दोघांसाठी अंटार्क्टिकाच्या सफरीची तिकिटे काढलेली. लोकरीचे मोजे, कानटोप्या, बूट, सगळ्याची यादी गुरुजींनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. बोट लागली तर काय करणार, असे विचारताच ते हसले. "डॉक्टर, आयुष्यभर एस.टी.ने घाट उतरलो. मला कधी गाडी लागली नाही. हिला लागते, हिलाच काय ती गोळी द्या."

ज्याला गाडी लागत नाही त्याला बोटही लागत नाही, ही समजूत साफ चुकीची आहे. घाट तासाभरात संपतो. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या उश्वाया बंदरातून निघालेले जहाज मात्र ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे दोन दिवस घेते. ही सामुद्रधुनी सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती वारा अडवायला कुठेच जमीन नाही, त्यामुळे लाटा मोकाट असतात. हवा बिघडली की त्या आठ-दहा मीटरपर्यंत चढतात. पुढे बर्फाच्या पट्ट्यात शिरल्यावर समुद्र शांत होतो, कारण बर्फ लाटा दाबून टाकतो. म्हणजे खरी परीक्षा पहिल्या दोन दिवसांचीच, आणि परतताना पुन्हा तीच.

बोट लागणे हा पोटाचा आजार नाही आणि मनाचा दुबळेपणा तर नाहीच. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात की भिंत स्थिर आहे आणि कान सांगतो की आपण वरखाली होत आहोत. या भांडणात मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, उलट्या सुरू होतात. ज्यांच्या दोन्ही अंतर्कर्णांचे हे काम जन्मतः बंद असते, त्यांना बोट लागत नाही. इंग्रजांचा नामांकित दर्यासारंग नेल्सन यालाही समुद्र लागत असे. 'बीगल' जहाजावर १८३१ ते १८३६ हिंडलेला डार्विन तर अखेरपर्यंत बेजार होता. तेव्हा गुरुजींनी लाजायचे कारण नव्हते.

माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे. गोळी उलटी होण्याआधी घ्यायची. मळमळ सुरू झाली की जठराचे काम मंदावते, गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटून पडते. मग इंजेक्शनवाचून गत्यंतर नसते. आपल्याकडे ॲव्होमिन सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्यातले प्रोमेथाझिन गुणकारी खरे, पण झोप फार आणते. सिनारिझिन, मेक्लिझिन ही औषधेही चालतात. यांपैकी जे ठरेल ते निघण्यापूर्वी घरी एकदा घेऊन पाहावे. हलत्या जहाजावर पेंगुळलेला म्हातारा माणूस पडला आणि खुब्याचे हाड मोडले, तर मोठे इस्पितळ काही दिवसांच्या अंतरावर असते. उलटीपेक्षा मला याचीच धास्ती अधिक वाटते. चालताना एक हात कठड्यावर हवाच.

परदेशात कानामागे चिकटवायची स्कोपोलामिनची पट्टी मिळते. प्रवासाआधी किमान चार तास लावली की तीन दिवस पुरते. हे द्रव्य आपल्या धोतऱ्यातही असते (म्हणून कोणी धोतरा उगाळू नये, तो जीव घेतो). पण काचबिंदू असलेल्यांनी आणि प्रोस्टेटमुळे लघवी अडणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. वयस्कांना कधीकधी भ्रमही होतो. पट्टी लावल्यावर हात धुवावेत, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागून बाहुली विस्फारते. मधुमेह्यांचे आणखी निराळे. इन्सुलिन घेतले आणि जेवण उलटून पडले तर साखर झपाट्याने उतरते. अशा वेळी मात्रा किती घ्यायची, हे घरच्या डॉक्टरांकडून निघण्याआधीच लिहून घ्यावे.

बाकीचे उपाय साधे आहेत. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्यावी, तिथे झोके कमी. खिडकीतून क्षितिजाकडे पाहावे, वाचन टाळावे, फार त्रास झाला तर डोळे मिटून आडवे पडावे. उपाशी राहू नये आणि तडस लागेपर्यंत जेवूही नये. दारू वर्ज्य. आल्याने काहींना बरे वाटते, पण ड्रेकच्या लाटांवर आलेपाकाच्या भरवशावर कोणी निघू नये.

आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली आणि महिनाभराच्या समुद्रप्रवासानंतर पोहोचली. बर्फात चालणाऱ्या जहाजांचा तळ गोलसर असतो, त्यामुळे मोकळ्या समुद्रात ती अधिकच डोलतात. सफरीच्या गुळगुळीत माहितीपत्रकांत पेंग्विनचे फोटो असतात, ही माहिती बहुधा नसते. पैसे भरताना ती विचारावी. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांच्यासाठी चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने दोन तासांत किंग जॉर्ज बेटावर उतरण्याचीही सोय आहे. खर्च जास्त पडतो, पण विचार करायला हरकत नाही.

गुरुजींनी शेवटी घरी रविवारी गोळी घेऊन पाहिली. सकाळी नऊला घेतली आणि दुपारी दोनपर्यंत घोरत होते, असे बाईंनी फोनवर सांगितले. आता त्यांचे औषध बदलून दिले आहे.