जुनी वेगवान मोटार : शौक परवडेल, लपवाछपवी परवडणार नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडा कंपनीने ऑक्टाव्हिया आरएस ही मोटार भारतात पुन्हा आणली. किंमत ४९ लाख ९९ हजार रुपये आणि गाड्या अवघ्या १००. बाहेरून घरगुती सलून, आत २६५ अश्वशक्तीचे इंजिन. एवढी रक्कम मोजणारे आमच्या वाचकांत थोडेच असतील. परंतु याच जातीच्या जुन्या गाड्या बाजारात फिरत आहेत आणि त्यांच्यावर आपल्या व्यापारी घरांतील तरुणांची नजर आहे. दुसरीकडे, या गाड्या दुरुस्त करणारे, रंगवणारे, त्यांचे सुटे भाग पुरवणारे आणि सौदे जुळवणारे यांत आपल्याच समाजाचे कारागीर आणि दलाल मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे घेणाराही आपला, विकणाराही आपला आणि मधला मिस्त्रीही आपला. म्हणूनच या विषयावर स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते.

या गाडीचे आपल्या मुलखाशी नातेही आहे. २००१ पासून ऑक्टाव्हिया त्यावेळच्या औरंगाबादजवळील शेंद्रा येथील कारखान्यात जुळवली जाऊ लागली. २००४ मध्ये तिची टर्बो लावलेली १५० अश्वशक्तीची आवृत्ती आली. २०११ मध्ये लॉरा आरएस आली, २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची आरएस २४ लाख ६२ हजार रुपयांस आली, आणि २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या २०० गाड्या ३५ लाख ९९ हजारांस विकल्या गेल्या. गाड्या थोड्या, चाहते पुष्कळ, त्यामुळे जुन्या गाडीलाही भाव टिकून असतो. आणि जिथे माल थोडा व गिऱ्हाईक उतावळे, तिथे फसवणुकीला वाव असतो हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

हिशेब आधी, चावी नंतर

जुन्या गाडीची किंमत उतरते, पण तिचा खर्च उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी वीस लाखांस मिळाली तरी तिचे ब्रेक, टायर, टर्बो आणि गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात. हे साधे गणित अनेकजण विसरतात. आमचे मत असे की गाडीच्या किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याइतकी रोकड पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढता येत नसेल, तर त्या गाडीकडे पाहूच नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही रक्कम कोठून येते. दुकानाच्या भांडवलातून काढलेली गाडी दुकानालाच खाते. ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर माल भरायला पैसा हवा असतो, तेव्हा तो दारात उभा असतो आणि त्याचा भाव दिवसागणिक खाली जात असतो. व्याजाच्या कर्जावर शौक करणे तर दोन्ही बाजूंनी नुकसानीचे. गरजेपोटी व्याजात अडकलेल्याची अडचण आम्ही समजू शकतो, परंतु वेगाच्या हौसेला गरज म्हणता येत नाही. जकातीबद्दलही गल्लत होते. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर जकात नाही, पण विकण्यासाठी घेऊन ठेवलेली मोटार हा व्यापारी माल आहे. वर्षअखेरीस तिची बाजारभावाने किंमत धरून अडीच टक्के काढलेच पाहिजेत.

काय तपासावे

२००४ ची गाडी असेल तर टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची पावती मागावी. पावती नसेल तर बदललेला नाही असेच धरून चालावे. पट्टा तुटला की वाल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. पट्ट्याबरोबर पाण्याचा पंपही बदलून घेणे शहाणपणाचे. २०१७ नंतरच्या गाड्यांत पट्ट्याऐवजी चेन आहे. त्यांत थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या पंपाच्या प्लॅस्टिकच्या घरातून कूलंट गळण्याची तक्रार आढळते. २३० अश्वशक्तीच्या गाडीतील सहा गिअरची डीएसजी पेटी तेलात भिजलेल्या क्लचची आहे. तिचे तेल आणि फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागते. हा खर्च चुकवून गाडी विकायला काढणारे पुष्कळ. गाडी थंड असताना स्वतः चालू करून पाहावी. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पुष्कळ दोष झाकते.

मग येतो ‘मॅप’चा प्रश्न. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून शक्ती वाढवण्याची हौस या गाड्यांच्या मालकांना असते. विकताना जुना मॅप परत टाकला जातो आणि ताण सोसलेला टर्बो व क्लच नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. असा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो. मीटर मागे फिरवणे तर जुनाच धंदा. मीटरवर ४० हजार आणि स्टिअरिंग, पेडल, सीटची कड झिजलेली असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा. कंपनीच्या सेवा केंद्रातील नोंदी गाडीच्या क्रमांकावरून मागवाव्यात.

कागद पक्के हवेत

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत हस्तांतरणाची खबर आर.टी.ओ.ला द्यायची असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आपल्याकडे सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० दलालाच्या खिशात ठेवून गाडी महिनोन्‌महिने फिरते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ठरवले की ज्याच्या नावावर नोंद आहे तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर. गाडी विकून मोकळे झालो असे समजणाऱ्याने हा निकाल लक्षात ठेवावा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. ‘नो क्लेम बोनस’ हा जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. १५ वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, तो खर्चही भावात धरावा.

जी.एस.टी. नोंदणी असलेल्या गाडी व्यापाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के कर लागतो. मात्र तो पूर्ण किमतीवर नाही, खरेदी आणि विक्रीतील फरकावर. तोट्यात विकली तर कर नाही.

खरा प्रश्न मिस्त्रीचा

वरील सर्व तपासणी घेणारा स्वतः करू शकत नाही. तो मिस्त्रीवर विसंबतो, आणि येथेच आमच्या मते दुखणे आहे. पुष्कळ ठिकाणी मिस्त्री घेणाऱ्याकडून तपासणीची मजुरी घेतो आणि विकणाऱ्याकडून दलालीही. ‘इंजिन मख्खन आहे’ हे त्याचे शब्द मग कोणाच्या बाजूचे समजावेत? तो खोटे बोलत नसेलही, परंतु गप्प बसण्याचे पैसे त्याला मिळालेले असतात.

प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा सवाल त्यांनी केला आणि फसवणारा आमच्यापैकी नव्हे असे बजावले. घेणारा व विकणारा खरे बोलले आणि दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते, लपवले तर ती पुसली जाते, ही शिकवणही आपण जुम्याच्या खुत्ब्यात वारंवार ऐकतो. फिकहने तर जुना दोष पुढे निघाल्यास माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला दिलेला आहे. ‘जसे आहे तसे’ असे कागदावर लिहून घेतल्याने ठाऊक असलेला दोष दडवण्याची मुभा मिळते, असे आम्हाला वाटत नाही. झालेला मॅप, फिरवलेला मीटर, गळणारा पंप हे आजचे ओले धान्य आहे.

आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना आमची सूचना अशी. तपासणीची मजुरी वेगळी, ठरलेली आणि पुरेशी घ्या, पण ज्या गाडीची तपासणी केली तिच्यावर दलाली घेऊ नका. तपासणीचा कागद लिहून द्या : टायमिंगची स्थिती, गिअरपेटीचे तेल, अपघाताच्या खुणा, रंगाचे थर, संगणकातील दोष, आणि पुढच्या वर्षभरात अपेक्षित खर्च. खाली सही करा. आज एका सौद्याची दलाली बुडेल, परंतु ज्याची सही खरी ठरते त्याच्याकडे दुसऱ्या गावची गिऱ्हाइकेही चालून येतात. या गाड्यांचे स्कॅनर हाताळणारे आणि डीएसजी उघडणारे हात सर्वत्र नाहीत. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात आणि गावोगावच्या गॅरेजांत हे हुनर मिळवणारी पोरे आपल्याकडे आहेत. त्यांच्या हुनराला सचोटीची जोड मिळाली तर हा धंदा त्यांच्या हातून कोणी हिरावून घेणार नाही.

आणि घेणाऱ्या तरुणांना एवढेच : रोकड असेल, दुकान सुरक्षित असेल आणि मिस्त्रीचा लेखी कागद हाती असेल तर गाडी खुशाल घ्या, हलाल कमाईच्या शौकाला आमची ना नाही. यांतील एक जरी गोष्ट नसेल तर थांबा. विकताना मात्र जे दोष तुम्हाला सोसावे लागले, ते पुढच्याला आधी सांगा, भाव नंतर.