भत्त्याची अट कोणावर?

राजस्थानात 2022 पासून बेरोजगारी भत्ता घेणाऱ्या पदवीधरांना सरकारी कार्यालयांत रोज चार तासांची ‘इंटर्नशिप’ बंधनकारक करण्यात आली. भत्ता पुरुषांना दरमहा 4,000 आणि महिलांना 4,500 रुपये, तोही जास्तीत जास्त दोन वर्षे. तरुणांना कामाचा अनुभव मिळावा, हा हेतू मला मान्य आहे. आक्षेप आहे तो अट एकतर्फी असण्याला.

2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात अट सरकारवर होती. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते न मिळाल्यास राज्याने बेरोजगारी भत्ता द्यायचा होता. तेथे भत्ता हा शासनाच्या अपयशाचा दंड होता. येथे मात्र काम ही तरुणाच्या पात्रतेची परीक्षा ठरते.

म्हणून अट दुहेरी हवी. प्रशिक्षणार्थ्याला काय शिकवणार, हे कार्यालयाने आधी लेखी सांगावे. रिक्त पदाचे काम त्याच्यावर ढकलू नये. आणि कार्यालयच जागा देऊ शकले नाही, तर भत्ता थांबू नये. अन्यथा दोन वर्षांनी भत्ता संपेल आणि तो पदवीधर पुन्हा रोजगार कार्यालयाच्याच दारात उभा असेल.