तक्रार कोणी करायची?

साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा 15 जूनच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या छळाविरुद्धच्या जागृती दिनाच्या, भाषणांतून ऐकून ऐकून आता पाठ झाला आहे. त्याच संघटनेचा दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. अशा चोवीस प्रकरणांपैकी जेमतेम एकाची कुठेतरी नोंद होते. उरलेली तेवीस घरातच जिरतात. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

जगाने या विषयाला तोंड फोडलं तेही उशिराच. 1975 साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत पत्रं लिहिली, की घरोघरी म्हाताऱ्यांना मारहाण होते आहे आणि आपण ती ओळखत नाही. पुढे 1997 मध्ये अशा छळाविरुद्ध काम करणाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं आणि त्यांनीच 2006 पासून 15 जून हा दिवस पाळायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांनी तो 2011 मध्ये मान्य केला. दरम्यान 2002 साली टोरांटोचा जाहीरनामाही आला होता. तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने छळात ‘न करणं’ही धरलं. जिथे भरवसा ठेवावा अशा नात्यात जे करायला हवं ते केलं नाही आणि म्हाताऱ्या माणसाला त्याचा त्रास झाला, तर तोही छळच.

आपल्याकडे बहुतेक प्रकार याच जातीचे. हात उगारलेला नसतो, शिवीही नसते. आईची कवळी मोडून चार महिने झालेले असतात, पण डॉक्टरकडे न्यायला कोणाला सवड नसते. ताटातली भाकरी तशीच परत जाते आणि आल्यागेल्याला सांगितलं जातं, ‘आई हल्ली खातच नाही.’ पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड ‘हरवायला नको’ म्हणून मुलाच्या कपाटात गेलेलं असतं. यातलं काय घेऊन ती पोलिसांत जाणार?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीचा आपला 2007 चा कायदा तसा वाईट नाही. आई-वडिलांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे निर्वाहाचा अर्ज, महिना दहा हजारांपर्यंत रक्कम. पण अर्ज करायचा कोणाविरुद्ध? ज्याच्या हातून रक्तदाबाची गोळी येते त्याच्याविरुद्ध. तारखेला प्रांत ऑफिसात जायचं आणि संध्याकाळी पुन्हा त्याच्याच घरात जेवायला बसायचं. शिवाय चारचौघांत नाव जातं ते मुलाचं, म्हणजे आईच्या लेखी तिचं स्वतःचंच. न्यायाधिकरणाला स्वतःहून दखल घेता येते, असंही कायद्यात आहे. तशी दखल घेतल्याचं मला तरी क्वचितच ऐकू येतं. लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा तीस टक्के पगार कापण्याचा ठराव केला तेव्हा टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं. पण तिथेही आधी म्हाताऱ्यांनी तोंड उघडायला हवं.

जपानने 2005 मध्ये कायदा केला तो वेगळ्या टोकाकडून. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला गंभीर धोका आहे असं ज्याच्या लक्षात येईल, त्याने पालिकेला कळवायचं, हे त्याच्यावर बंधनच. मग पालिकेने घरी जाऊन पाहायचं आणि वेळ पडली तर त्या व्यक्तीला काही दिवस दुसरीकडे हलवायचं. त्याहून मोलाचं म्हणजे, सांभाळणाऱ्यांना मदत हा शब्दप्रयोग थेट कायद्याच्या नावात आहे. सुनेला खलनायिका ठरवणं आपल्याला फार सोपं जातं. स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्यांसाठी रात्रीतून पाच वेळा उठणाऱ्या त्या बाईला महिन्यातून दोन दिवस सुटी कोण देणार, हे कोणी विचारत नाही. अशा थकव्यातून उगारला गेलेला हात माफ करा, असं मी म्हणत नाही. पण तो नुसत्या कैदेच्या धाकाने थांबत नाही.

आता जगाच्या पातळीवर, म्हणजे जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, काय चाललं आहे ते पाहू. स्त्रियांसाठी 1979 मध्ये, मुलांसाठी 1989 मध्ये, अपंगांसाठी 2006 मध्ये बंधनकारक करार झाले. म्हाताऱ्यांसाठी जागतिक करार अजून नाही. अमेरिका खंडातल्या देशांनी 2015 मध्ये आपल्यापुरता केला, आफ्रिकेने त्यांच्या पाठोपाठ. संयुक्त राष्ट्रांत मात्र 2010 मध्ये नेमलेला गट 2024 पर्यंत चर्चाच करत राहिला. अखेर 3 एप्रिल 2025 रोजी मानवाधिकार परिषदेने कराराचा मसुदा लिहिण्यासाठी सरकारांचा गट नेमायचं ठरवलं, तेही मतदान न घेता. या मसुद्यात ‘छळाला बंदी’ एवढंच वाक्य आलं तर ते आणखी एक भाषण होईल. त्यात इतरांनी कळवण्याची जबाबदारी आणि सांभाळणाऱ्याची विश्रांती या दोन गोष्टी याव्यात, आणि भारताने तिथे त्यासाठी बोलावं.

करार होऊन तो आपल्या प्रांत ऑफिसापर्यंत पोचायला बरीच वर्षं जातील. तोवर दोन कामाच्या गोष्टी. घर किंवा जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्राने देत असाल, तर ‘आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर’ हे त्यातच लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 च्या एका निकालात दिलेली मालमत्ता परत मागणाऱ्या आईच्या बाजूने 2007 चा कायदा सैल हाताने वाचला हे खरं, पण 2022 च्या निकालात अट दिसत नाही म्हणूनच आईची बाजू पडली होती. आणि 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फुकट फोन शेजाऱ्याने केला तरी चालतो.